अडीच मीटरच्या दुरुस्त्या आणि तीन मिलिमीटरचा दर

निपाणीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "गोवा-कारवारसमोरच्या अरबी समुद्रावरून जाणाऱ्या जेसन-३ या, रडारने समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहाच्या एका मार्गाची मोजणी उतरवून घेतली. दुरुस्त्यांच्या रकान्यांची बेरीज अडीच मीटरच्या वर जाते. आणि जगाला सांगायचं काय, तर समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढतोय. दुरुस्तीच आकड्याच्या शेकडो पट. मग आकडा घोळवलाच की तो! शिवाय हेच सगळं आपल्या हिडकल धरणावर करता येईल काय?"

शंका रास्त आहे, पण जरा चुकीच्या जागी बोट ठेवते. दुरुस्ती किती मोठी, याला इथे फारसं महत्त्व नाही. तिच्यात राहिलेली चूक वर्षानुवर्षं एका दिशेने सरकते की नाही, हे बघायचं. उसाच्या ट्रॉलीचं उदाहरण घ्या. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि वजाबाकी केली की उसाचं वजन मिळतं. काटा दोन्ही वेळा पन्नास किलो जास्त दाखवत असेल तर उसाच्या वजनात काडीचाही फरक पडत नाही. भरलेल्या वेळी एक आणि रिकाम्या वेळी दुसरंच दाखवत असेल तर मात्र ती काटामारी. समुद्राच्या वाढीचा दर ही अशीच वजाबाकी आहे: आजची पातळी उणे १९९३ ची पातळी. दोन्ही वेळा सारखी असलेली चूक, मग ती दहा सेंटिमीटरची का असेना, आपोआप गळून पडते. न गळणाऱ्या चुका कोणत्या, तेवढं शोधावं लागतं.

आधी मोजलं काय जातं ते बघू. टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह १० ऑगस्ट १९९२ ला अवकाशात गेला. नंतर २००१ मध्ये जेसन-१, २००८ मध्ये जेसन-२, २०१६ मध्ये जेसन-३ आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक. सगळ्यांची मूळ कक्षा एकच: १३३६ किलोमीटर उंची, ६६ अंशांचा कल, आणि दर ९.९ दिवसांनी पुन्हा त्याच रेषेवर. रडारचा स्पंद खाली जाऊन परत यायला सुमारे ८.९ मिलिसेकंद लागतात. त्यात ३ मिलिमीटरचा फरक म्हणजे २० पिकोसेकंदांचा फरक. उपग्रहाची उंची लेझर, डोरिस ही रेडिओ-यंत्रणा आणि जीपीएसवरून वेगळी काढतात, तिच्यातून हे रडारचं अंतर वजा केलं की समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मिळते. अडचण इतकीच की स्पंद निर्वातातून जात नाही. वाटेत हवा आहे, बाष्प आहे, आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) आहे, आणि खाली आरसा नसून लाटा आहेत. या प्रत्येकामुळे अंतर आहे त्याहून जास्त भासतं, म्हणजे समुद्र खोल गेल्यासारखा दिसतो.

तुमच्या बेरजेतला सिंहाचा वाटा कोरड्या हवेचा. सूत्र सोपं आहे: दाब हेक्टोपास्कलमध्ये घ्या, २.२७७ ने गुणा, उत्तर मिलिमीटरमध्ये. समुद्रसपाटीवर १०१३ ला गुणलं की २३०७ येतात, म्हणजे २.३ मीटर. अक्षांशाचा बारीक फरक वेगळा असतो, तो इथे सोडू. दाब उपग्रह मोजत नाही, तो हवामानाच्या प्रारूपातून, म्हणजे संगणकावरच्या गणितातून घेतात. प्रारूप एखाद-दुसऱ्या हेक्टोपास्कलने चुकलं तर त्या एका बिंदूवर २ ते ५ मिलिमीटरची चूक. पण पृथ्वीवरची एकूण हवा वर्षागणिक वाढत नाही. आज एका ठिकाणी जास्त असलेला दाब उद्या दुसरीकडे कमी असतो, आणि जगाच्या सरासरीत ही चूक उरतच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हाला ज्या दुरुस्तीने धक्का बसला तीच दराच्या दृष्टीने सगळ्यांत निरुपद्रवी निघाली.

खरा त्रास बाष्पाचा. इथे दुरुस्ती जेमतेम ५ ते ४० सेंटिमीटर, पण ती तासातासाला बदलते, आणि प्रारूपांनाही ती नीट पकडता येत नाही. ढोबळ नियम लक्षात ठेवा: डोक्यावरच्या हवेतलं सगळं बाष्प पिळून जितके मिलिमीटर पाणी निघेल, त्याच्या सव्वासहा-साडेसहा पट विलंब. जुलैत कोकण किनाऱ्यावर हे पाणी ६० मिलिमीटरच्या घरात जातं, म्हणजे ३८-३९ सेंटिमीटर. जानेवारीत २५ असेल तर १६. म्हणून उपग्रहावर रडारच्या जोडीला रेडिओमीटर असतो. तो १८.७, २३.८ आणि ३४ गिगाहर्ट्झवर समुद्राचं आणि हवेचं उष्णप्रारण मोजतो. मधली वारंवारता बाष्पाच्या २२.२ गिगाहर्ट्झच्या रेषेजवळची. बाकी दोन वारा आणि ढग वेगळे काढायला.

आता हा रेडिओमीटर म्हाताऱ्या माणसाच्या नजरेसारखा हळूहळू बदलतो, आणि बदलतोय हे त्याचं त्याला कळत नाही. टोपेक्सवरच्या रेडिओमीटरचा १८ गिगाहर्ट्झचा पट्टा पहिल्या काही वर्षांत असाच सरकला होता. ती सरक हिशेबात धरली नाही तर बाष्पाची चूक थेट समुद्राच्या दरात उतरते. काटामारी म्हणतात ती ही! उपाय म्हणून दोन टोकं धरतात. एका बाजूला जगातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या समुद्रभागांचं तापमान, दुसऱ्या बाजूला ॲमेझॉनच्या घनदाट जंगलाचं. दोन्ही वर्षानुवर्षं जवळपास स्थिर राहतात. उपग्रहाने ती वेगळी दाखवायला सुरुवात केली तर दोष उपग्रहाचा. जेसन-३ ला तर अधूनमधून तिरका करून थंड अवकाशाकडे बघायला लावत, काट्याचा धडा करतात तसं शून्य जुळवून घेण्यासाठी. इतकं करूनही आजच्या दराच्या अनिश्चिततेत बाष्पाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं.

तुमच्या मार्गाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. रेडिओमीटरची नजर वीस-तीस किलोमीटर रुंद आहे. कारवारपासून साधारण २५ किलोमीटरच्या आत आलात की त्यात जमीन शिरते. जमीन समुद्रापेक्षा खूप 'गरम' दिसते, आणि गणित तिला बाष्प समजतं. तुमच्या आलेखात किनाऱ्याकडे शेवटचे चार-पाच बिंदू एकदम उसळलेत ते बहुधा यामुळेच. तिथे रेडिओमीटरचा रकाना सोडा आणि प्रारूपाच्या बाष्पाचा रकाना घ्या. सांधा येतो तिथे दोन्हींचा फरक काढून प्रारूप तेवढं सरकवा, नाहीतर आलेखात पायरी पडेल.

आयनांबराचा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून रडार १३.६ आणि ५.३ गिगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर मोजतं आणि फरकातून विलंब काढतं. आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायच्या एका एककाला १३.६ वर २.२ मिलिमीटर पडतात. सूर्य तापलेल्या वर्षात आपल्या अक्षांशावर दुपारी शंभर एककं झाली तर २२ सेंटिमीटर. हा रकाना बिंदूगणिक फार नाचतो, म्हणून वापरण्यापूर्वी मार्गावरच्या वीसेक बिंदूंची सरकती सरासरी घ्या. फक्त प्रारूपावर विसंबलात तर सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र समुद्राच्या आलेखात उमटायचा धोका असतो. इस्रो आणि फ्रान्सच्या सरल उपग्रहाने (२५ फेब्रुवारी २०१३, श्रीहरिकोटा) हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्याचं रडार ३५.७५ गिगाहर्ट्झवर चालतं, तिथे आयनांबराचा त्रास सातव्या हिश्शावर येतो. बदल्यात पावसाचा त्रास वाढतो. आपल्याकडच्या मोसमात किनाऱ्याजवळचे कितीतरी बिंदू पावसाच्या खुणेखाली फेकून द्यावे लागतात. चोर्ला घाटातला जुलै डोळ्यांसमोर आणा, पटेल.

लाटांचं थोडक्यात. लाटांच्या खळग्यांकडून परतावा जास्त जोरकस येतो, शेंड्यांकडून कमी, म्हणून रडारला समुद्र खरा आहे त्याहून थोडा खाली दिसतो. ही चूक लाटेच्या उंचीच्या तीन-चार टक्के. दोन मीटरच्या लाटांना ६ ते ८ सेंटिमीटर. याला पक्कं भौतिक सूत्र नाही, मोजणीवरूनच तक्ते बांधले आहेत. मला सगळ्यांत कमी आवडणारी दुरुस्ती हीच.

इथे एक सूचना, कारण सुरुवातीला बहुतेकांची गाडी इथेच रुतते. फायलीत या दुरुस्त्या ऋण चिन्हासह असतात, कोरड्या हवेची सुमारे उणे २.३. त्या रडारच्या अंतरात मिळवायच्या, मग कक्षेच्या उंचीतून ते अंतर वजा करायचं. तुमची उत्तरं साधारण ४.६ मीटरने चुकली तर समजा चिन्ह उलटं लागलं. ७० सेंटिमीटरने चुकली तर लंबगोल (पृथ्वीचा मानलेला आकार, ज्यापासून उंची मोजतात) बघा: टोपेक्सचा लंबगोल आणि जीपीएसचा लंबगोल एवढ्याने वेगळे आहेत. आणि उंची उणे कित्येक दहा मीटर आली तर घाबरू नका, ती बरोबर आहे. हिंदी महासागरात गुरुत्वाचा मोठा खळगा आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तो उणे १०६ मीटरपर्यंत जातो. म्हणून सरासरी समुद्रपृष्ठ वजा करून उरलेलंच बघायचं.

यानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये मोजणीचा दोष नाही. समुद्र खरंच हलतो, पण ते हलणं आपल्याला नको असतं. भरती-ओहोटी, घन पृथ्वीची भरती (जमीनसुद्धा तीसेक सेंटिमीटर वर-खाली होते, आपल्याला जाणवत नाही इतकंच) आणि हवेच्या दाबाचा भार. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी जवळपास १ सेंटिमीटर फुगतं. जानेवारी ते जुलै आपल्या किनाऱ्यावर दाब सात-आठ हेक्टोपास्कलने उतरतो, त्याचे तेवढेच सेंटिमीटर. इथे एक चकवा आहे. दाबाचा फरक १०१३ या ठरीव आकड्यापासून काढायचा नाही, त्या वेळच्या सगळ्या महासागरांवरच्या सरासरी दाबापासून काढायचा, जो १०११ च्या आसपास असतो. पाणी दाबलं जात नाही. सगळीकडे दाब सारखाच वाढला तर पातळी हलणार नाही. ठरीव आकडा वापरला की जागतिक सरासरीत एक खोटी वार्षिक लाट शिरते. भरतीचंही तसंच. बारा तासांची चांद्रभरती ९.९ दिवसांनी एकदा बघितली तर ती ६२ दिवसांच्या लाटेसारखी दिसते, सौरभरती ५९ दिवसांच्या. आलेखात साधारण दोन महिन्यांचा ठोका दिसला तर आधी भरतीच्या प्रारूपावर संशय घ्या.

इथवरचा हिशेब असा: मोठ्या दुरुस्त्या कालांतराने सरकत नाहीत, भरती आणि दाबाच्या चुका पुढे-मागे झुलतात आणि वर्षांच्या सरासरीत विरतात, बाष्पाची सरकू शकते. आता यंत्राकडे वळू, कारण इतिहासातल्या मोठ्या चुका तिथल्याच आहेत.

वेळ मोजणारं घड्याळ एक अब्जांशाने सरकलं तर १३३६ किलोमीटरवर १.३ मिलिमीटरची चूक होते. टोपेक्सच्या घड्याळाची सरक दुरुस्त करणाऱ्या आज्ञावलीतच चूक होती, ती १९९६ मध्ये सापडली. ती काढल्यावर समुद्राच्या वाढीचा आधी जाहीर झालेला दर घटला. "दुरुस्त्या नेहमी वाढवण्यासाठीच करतात" म्हणणाऱ्यांना हे उदाहरण दाखवा.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. टोपेक्सच्या रडारच्या दोन बाजू होत्या, अ आणि ब. अ बाजूच्या स्पंदाचा आकार झिजत गेला. ते कळलं लाटांवरून: जगभरच्या लाटा विनाकारण उंच होत चालल्यासारख्या दिसू लागल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये ब बाजू सुरू केली. पण अ आणि ब एकाच वेळी चालवता येत नव्हत्या, त्यामुळे सांधा थेट तपासता आला नाही. शिवाय अ बाजूला यंत्रातल्या अंतर्गत चाचणीवरून एक दुरुस्ती लावली जात होती. २०१५ ते २०१७ च्या दरम्यान भरतीमापकांशी पुन्हा ताळा घेतल्यावर लक्षात आलं की ही दुरुस्ती लावण्यापेक्षा न लावलेली बरी. ती वगळली आणि सुरुवातीच्या वर्षांचा दर खाली आला. गंमत बघा: सुरुवातीचा दर घटल्यामुळेच वाढीचा वेग वाढतोय हे दिसायला लागलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा वर्षाच्या वर्गाला ०.०८४ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२५. १९९३ च्या सुमारास वर्षाला २ मिलिमीटरच्या आसपास असलेला दर आज साडेचारच्या घरात धरतात. एकूण वाढ दहा सेंटिमीटरच्या आसपास.

जेसन मालिकेत हा धडा गिरवला गेला. नवा उपग्रह जुन्याच्या मागोमाग त्याच रेषेवर काही महिने उडवतात. टोपेक्स आणि जेसन-१ मध्ये मिनिटभराचं अंतर होतं, जेसन-३ आणि सेंटिनेल-६ मध्ये ३० सेकंदांचं. तेवढ्यात समुद्र बदलत नाही, बाष्प बदलत नाही, लाटा त्याच. म्हणजे वातावरणाच्या दुरुस्त्या न लावताही दोघांची वजाबाकी केली की यंत्रांमधला निव्वळ फरक हातात येतो. तो काही सेंटिमीटरचा असला तरी मिलिमीटरच्या आत ठरवता येतो. तुमच्या अडीच मीटरच्या धास्तीला याहून सरळ उत्तर नाही.

एकेका बिंदूला तीन सेंटिमीटर चुकणारं यंत्र मिलिमीटर कसं सांगतं, हेही तुमच्या मनात असणार. दहा दिवसांत समुद्रावरचे पाचेक लाख बिंदू मिळतात. त्या चुका स्वतंत्र असत्या तर वर्गमुळाने भागून सरासरीची चूक ०.०४ मिलिमीटर आली असती. तसा दावा कुणी जाणकार करत नाही, कारण शेजारच्या बिंदूंच्या चुका एकमेकींचा हात धरून असतात. प्रत्यक्षात दहा दिवसांच्या सरासरीत तीन-चार मिलिमीटरची अनिश्चितता धरतात, आणि पंचवीस वर्षांच्या दरात वर्षाला ०.३ ते ०.४. हा आकडा भरतीमापकांच्या जाळ्याशी ताडून बघतात. दर त्यांवरून ठरवत नाहीत, फक्त तपासतात. दुसरा ताळा पूर्ण वेगळ्या वाटेने येतो: तरंगत्या आर्गो यंत्रांवरून पाणी तापून किती फुगलं, आणि २००२ पासूनच्या, गुरुत्व मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांवरून समुद्रात पाण्याची किती भर पडली. दोन्हींची बेरीज अल्टिमीटरशी, म्हणजे आपल्या उंची मोजणाऱ्या रडारशी जुळायला हवी. २०१६ पर्यंत ती छान जुळत होती, पुढे फट पडली. शोधल्यावर काही आर्गो यंत्रांचे क्षारतामापक आणि जेसन-३ चा रेडिओमीटर, दोघांकडेही दोष निघाला.

एक दुरुस्ती मात्र हेतूवर अवलंबून आहे. हिमयुगातला बर्फ वितळल्यानंतर पृथ्वी अजून सावरतेय, त्यात समुद्राचा तळ सरासरीने किंचित खचतोय. म्हणून जागतिक दरात वर्षाला ०.३ मिलिमीटर मिळवतात. महासागरातलं पाणी किती वाढलं हे विचारायचं असेल तर ते मिळवा. कारवारच्या धक्क्याला पाणी किती चढेल हे विचारायचं असेल तर मिळवू नका. तिथली जमीन स्वतः उचलतेय की खचतेय ते जीपीएसवरून घ्या.

आता हिडकल. करता येतं, पण आधी नकाशावर मार्ग टाका. जेसनच्या रेषांत विषुववृत्तावर ३१५ किलोमीटरचं अंतर आहे, जलाशय मधल्या मोकळ्या जागेत सापडायचीच शक्यता जास्त. सेंटिनेल-३ च्या दोन उपग्रहांच्या रेषा ५२ किलोमीटरवर आहेत, पण फेरी २७ दिवसांनी. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट उपग्रह रुंद पट्टा बघतो, रेषेची अट त्याला नाही. सुरुवात त्याच्यापासून केलीत तर बरं.

रेषा मिळाली तर रकाने निवडताना हात आखडता घ्या. समुद्राची भरती, दाबाचा भार आणि लाटांची दुरुस्ती लावायची नाही. घन पृथ्वीची भरती लावायची. बाष्प प्रारूपाचं, आयनांबर जागतिक नकाशाचं, कारण जमिनीने वेढलेल्या पाण्यावर रेडिओमीटर आणि दोन वारंवारतांची युक्ती दोन्ही फसतात. आणि कोरड्या हवेची दुरुस्ती जलाशयाच्या उंचीवरच्या दाबाने काढलेली आहे का ते तपासा. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट, म्हणजे ६६३ मीटर. तिथे दाब ९३६ च्या आसपास, दुरुस्ती २.१३ मीटर. फायलीत समुद्रसपाटीची २.३१ असेल तर धरण साडेसतरा सेंटिमीटर जास्त भरलेलं दिसेल. नुसता चढ-उतार हवा असेल तर ही चूकही वजाबाकीत गळते. पाणी वीस मीटर उतरलं तरी त्यामुळे दुरुस्ती बदलते जेमतेम ५ मिलिमीटर, ती सोडून द्या. एप्रिल-मे मध्ये पात्र आटतं, काठाचा चिखल आणि खडक परताव्यात मिसळतात. ते महिने वेगळे ठेवा.

ताळा धरणाच्या मोजपट्टीशी घ्याल तेव्हा पट्टी फुटांत आहे हे विसरू नका. एका फुटाला ०.३०४८ मीटर पूर्ण घ्या. ०.३०५ वर भागवलंत तर २१७५ फुटांवर ४३ सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे भर पावसाळ्यातल्या बाष्पाच्या अख्ख्या दुरुस्तीहून जास्त.